सूत्रांच्या माहितीनुसार

बंद दाराआड पक्षाचे अध्यक्ष आणि सरचिटणीस हे दोन हाडवैरी एकदाचे समेटाला बसले होते. दाराला खेटून उभ्या वार्ताहर मुलीला आतून चक्क हसणं ऐकू आलं. तिने कळवलं, तर इअरफोनमधून संपादक खेकसला, "हसतायत ही काय बातमी झाली? लाइव्ह जातोय, काहीतरी खमंग दे!" तिने दिलं ठोकून, "सूत्रांच्या माहितीनुसार अध्यक्षांनी सरचिटणीसांना गद्दार म्हटलंय!" क्षणभराने तेच वाक्य, तिच्याच आवाजात, दारापलीकडून आलं. आत टीव्ही चालू होता. हसणं थांबलं. "इथे गळ्यात पडतोस आणि बाहेर माझी बदनामी करवतोस?" सरचिटणीस गरजले. "बातमी तूच पेरलीस, गद्दारा!" अध्यक्ष कडाडले आणि खुर्ची आदळली. दुसऱ्या चॅनेलचा वार्ताहर दारावरचा कान काढत म्हणाला, "मानलं तुला! सूत्रं पक्की आहेत तुझी!"