रिकामा खिळा

हार घातलेला फोटो भिंतीवर चढला आणि अनुराधा जागीच थांबली. फोटो तिच्या रोनितचा होता.

रोनित तिथेच, आखातातल्या अल क्वोज भागात शूटिंगसाठी घेतलेल्या गोदामाच्या कोपऱ्यात, सतरंजीवर बसून खारी खात होता.

मुलगा बुडून गेलेल्या आईचं जुनं रशियन नाटक. त्यांच्या हौशी नाट्यमंडळाने ते मराठीत केलं होतं, आता त्याचाच सिनेमा. आई दोन्हीकडे अनुराधाच. नाटकात काळा कागद लावलेली चौकट चालून गेली. मागच्या रांगेला काय दिसतंय? कॅमेऱ्याला मात्र चेहरा लागतो. म्हणून सेटचं सामान बघणाऱ्या काव्याने अनुराधाच्या स्टेटसवरचा सगळ्यात गोड फोटो उचलून मोठा करून आणला होता.

"ताई, माझ्या डोक्यातच आलं नाही गं," काव्या म्हणाली. तिचा चेहरा पार उतरला.

अनुराधाने तिच्या पाठीवर हात ठेवला. मग फोटो उतरवून आपल्या पिशवीत ठेवला. हार वाया कशाला घालवायचा, कॅमेऱ्याची पूजा राहिलीच आहे, असं म्हणत तो कॅमेऱ्याच्या स्टँडला घातला.

"चलो, किसी ने तो इज्जत दी," कॅमेऱ्यामागून बिलकीस म्हणाली.

सुदेशला हसू आलं नाही. दिग्दर्शक तो, गोदाम संध्याकाळपर्यंतच मिळालं होतं, आणि हा शेवटचा सीन. फोटो नसेल तर मुलगा गेला हे लोकांना कळणार कसं? नेटवरून दुसरा एखादा मुलगा काढू, प्रिंट मारू, खलास, असं त्याचं म्हणणं.

"तोही कुणाचा तरी असेलच ना, सुदेशदादा?" अनुराधा म्हणाली. "खिळा तेवढा राहू दे. कॅमेरा माझ्यावर ठेवा. कळेल."

बिलकीसने कॅमेरा आधीच जवळ आणला होता.

दिवे लागले. अनुराधा भिंतीपाशी गेली. रडली नाही. नाटकातलं एकही वाक्य बोलली नाही. खिळ्याखाली, बरोबर फोटोएवढ्या जागेवरून, तिने पदराचं टोक हळूहळू फिरवलं. एका कोपऱ्यात जरा थांबली, तिथे तोंडाची वाफ दिली, पुन्हा पुसलं.

सुदेश कट म्हणायचं विसरला.

मागून रोनितचा आवाज आला.

"आई, इट्स ऑलरेडी क्लीन."