बिघडलेला अस

डोंगरमाथ्यावरच्या हवामान केंद्रात तिचा धाकटा भाऊ एकटाच होता आणि कालपासून तिथे वादळाने थैमान घातलं होतं. शहरातल्या कार्यालयात ती युनिक्स संगणकाच्या पडद्यासमोर उभ्यानेच केंद्राचा नंबर लावत होती. संगणक फोनलाइनला जोडणाऱ्या आयएसडीएन अडॅप्टरचा हिरवा दिवा लुकलुकून विझायचा. तिने केबल बदलली, सेटिंगची ओळन्ओळ तपासली. संगणकाच्या नोंदींत, लॉगमध्ये, दर वेळी तेच: उत्तर नाही. "अडॅप्टरच बिघडलाय," ती म्हणाली. तंत्रज्ञ काका हळूच म्हणाले, "पोरी, दुसरा एखादा नंबर लावून बघ. लागला तर अडॅप्टर धड आहे, बिघाड वर केंद्रातच आहे." हे तिलाही केव्हाच सुचलं होतं, हात धजावत नव्हता. अखेर तिने बंदरावरच्या कार्यालयाचा नंबर लावला. 'बिघडलेला अस रे बाबा,' मनात म्हणाली. हिरवा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. मागून कुणीतरी आनंदाने ओरडलं, "लागली, ताई, लाइन लागली!" काकांनी मात्र खुर्ची ओढून तिला बसवलं.