तिसरं पान

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी चावडीपुढं गावाच्या बोकडाचे वाटे पडत होते. पळसाच्या एका पानावर एका माणसाचा वाटा. घरात जेवढी तोंडं, तेवढी पानं. फौजेत गेलेल्याचंही पान निघायचं, मग तो सरहद्दीवर का असेना.

रांगेत उभे असलेले रिटायर सुभेदार तात्याबा सकाळपासून बोलायचे थांबत नव्हते. त्यांचा मुलगा राजवर्धन अमेरिकेतल्या ज्या कौंटीत राहतो, तिचा भूगोल त्यांना तोंडपाठ होता. कौंटी म्हणजे तिकडचा जिल्हा, हेही गावाला त्यांनीच शिकवलं होतं.

"खटाव आन् माण, दोन्ही तालुकं त्यात मावत्याल, येवढी मोठी! आन् माणसं किती? नऊ हजार फकस्त."

"पाऊसपाणी?" मागून सयाजीनं विचारलं. त्याला हे सगळं दहादा ऐकून माहीत होतं. म्हाताऱ्याला चढवण्यात त्याला मजा यायची.

"कोरडंच की, आपल्यागत. वारं मातूर लय. जिकडं बघशील तिकडं पवनचक्क्या. राजवर्धन त्यावरच हाय."

"मग आपल्या डोंगरावरच्या पवनचक्क्यांनी काय घोडं मारलं हुतं?"

रांग हसली. तात्याबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"बरं, त्या नऊ हजारात आपला राजवर्धन धरला का?" सयाजीनं पुन्हा छेडलं.

"धरलाय की! आता तिथलाच झाला न्हवं. गेल्या म्हैन्यात शपथ घेतली त्यानं, त्यांच्या झेंड्याम्होरं." तात्याबांनी छाती पुढं काढली. शेजारी डबा घेऊन उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं, अंबूबाईंनी, तेवढं ऐकून तोंड फिरवलं.

त्यांचा नंबर आला. वाटे घालणाऱ्या धुळानं विचारलं, "किती, तात्याबा?"

"तीन."

धुळाचा हात थांबला. "घरात तुमी दोघंच हायसा की."

"मी काश्मिरात हुतो, तवा माजं पान निघत हुतं का न्हाई?"

"निघत हुतं. पर फौजी सुट्टीला येतो, तात्याबा."

आता कुणी हसलं नाही. पोरगा आठ वर्षांत एकदाही आला नव्हता, आणि ते गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बोलून गेल्याचं धुळालाच वाईट वाटलं. त्यानं मुकाट्यानं तिसरं पान मांडलं, वर काळजाचा एक बरा तुकडाही ठेवला.

अंबूबाई पुढं झाल्या. दोन पानं त्यांनी डब्यात रिकामी केली. तिसरं उचललं आणि ढिगात उलटं केलं.

"आवं, चला घरी," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तिकडच्या नऊ हजारात धरलाय त्याला. एक माणूस दोन गावांत कसा मोजायचा?"