‘दगड’ गाण्याची कॅसेट

"हे तू कधी रे ओरडलास?" ड्रमच्या काठ्या मांडीवर ठेवत ट्रूल्सने विचारलं.

आर्विदने कॅसेट मागे नेऊन पुन्हा लावली. प्रार्थनाघराच्या तळघरात तिघेही कान देऊन बसले. गिटार आणि गळा आर्विदचा, कीबोर्ड मारितचा, ड्रम ट्रूल्सचे. त्या सगळ्या गदारोळाच्या तळाशी एक किंकाळी होती. आर्विद इतके दिवस घसा सोलून तीच शोधत होता, आणि ती त्याला एकदाही सापडली नव्हती.

"मी नाही," तो म्हणाला.

बँड देवाचा होता, बरं का. शब्द जवळजवळ सगळे बायबलच्या स्तोत्रसंहितेतले. पण आर्विदच्या घशातून ते असे फाटून निघत की मंडळीतल्या म्हाताऱ्यांना त्यात सैतानच ऐकू येई. तळघर मिळालं ते आर्विदच्या बापामुळे. हाल्वोर मंडळीचा उपदेशक. सगळ्यांचा विरोध मोडून त्याने पोरांना किल्ली दिली, आणि पोरं वाजवायला लागली की स्वतः वरच्या दालनात एकटा जाऊन बसे. पहारा ठेवतोय, असं गाव म्हणे. आर्विदही तेच म्हणे.

बापाशी त्याचं बोलणं तुटलं होतं. धाकटी बहीण इंगुन खाडीवरचा बर्फ फुटून आत गेली, तेव्हापासून. पोरीला मातीत ठेवताना या माणसाने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, एवढं म्हणाला आणि आलेल्यांना कॉफी ओतत फिरला. बाप म्हणायचा की कोण! आर्विदने त्याच्यावरच गाणं केलं होतं, ‘दगड’. बँडच्या पहिल्या नमुना कॅसेटवरचं, म्हणजे डेमोतलं, शेवटचं. कॅसेट पुरी झाली की ती बापाच्या टेबलावर ठेवायची, बर्गेनची बोट धरायची आणि पुन्हा तोंड दाखवायचं नाही, असं त्याचं पक्कं ठरलं होतं. बॅग भरून दाराशी ठेवलेली होती.

मारितने यंत्रावरचे आवाज एकेक करून बंद केले. चार आवाज वेगवेगळे टिपणारं, चार ट्रॅकचं यंत्र ते. चौथ्या ट्रॅकवर वरच्या दालनातला माइक होता. खालचं वादन त्या उंच लाकडी छताखाली कसं घुमतं, ते तिला गाण्यात हवं होतं, म्हणून सकाळी तिनेच तो दिव्याच्या साखळीला टांगला होता. हाल्वोरला सांगायचं मात्र राहून गेलं.

आता फक्त दालन ऐकू येत होतं. जमिनीखालून येणारे दबके ड्रम. खुर्ची सरकली. मग ती किंकाळी, आणि आता तिच्यातले शब्दही कळत होते.

"परत दे. माझी इंगुन परत दे मला."

खाली गाणं संपलं, तशी वरची किंकाळीही तोडल्यासारखी थांबली. नाक शिंकरल्याचा आवाज झाला. मग काहीच नाही. पुढचं गाणं सुरू झालं, तसा वर बाप पुन्हा सुरू झाला.

बापाचा घसा कायम बसलेला असे. उपदेश करून करून, असं घरात सगळे समजत.

"राहू दे हे," ट्रूल्स हळूच म्हणाला. "असा आवाज अख्ख्या नॉर्वेत कुणाच्या टेपवर नसेल."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मारितने झटकन यंत्र बंद केलं. हाल्वोर खाली आला. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, हातात कॉफीचा थर्मास. त्याची नजर दाराशी ठेवलेल्या बॅगेवर गेली, तिथून पोराकडे. थर्मास टेबलावर ठेवला आणि जायला वळला. वळता वळता थांबला.

"एवढ्यात थांबलात?" बसक्या आवाजात तो म्हणाला. "अजून एखादं वाजवा की."

तो वर गेला. आर्विदने कॅसेट मागे नेली, चौथा ट्रॅक पुन्हा रेकॉर्डला लावला आणि वरच्या माइकची वायर उपटली. त्या किंकाळीवर आता कोरी शांतता चढणार होती. आर्विदने गिटार गळ्यात अडकवली. वर खुर्ची सरकल्याचं ऐकू येईपर्यंत थांबला.

"जोरात बडव," तो ट्रूल्सला म्हणाला. "बाबांचं होईपर्यंत थांबायचं नाही."