चित्रातली उणीव

"पुन्हा आलं!" वहिनीने माउस टेबलावर आपटला. "पुन्हा पाच बोटं!"

समोरच्या टेबलावरून नणंदेने मान उंचावून पाहिलं. दोघी मिळून लोकांच्या वेबसाइट बनवायच्या. चित्रं आणि मांडणी वहिनीकडे, बाकीची सगळी यंत्रणा नणंदेकडे. खोली एकच, खिडकी एकच, चहाचा थर्मासही एकच.

पडद्यावर एका सुताराचा डावा हात होता. खऱ्या हाताला अंगठा धरून तीनच बोटं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बावीस वर्षांपूर्वी विजेच्या करवतीत गेलं होतं. आता ते नवशिक्यांना करवत चालवायला शिकवायचे. आपल्या वर्गाच्या साइटवर उघडल्याबरोबर हाच फोटो दिसला पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. खाली एकच ओळ: 'आधी या हाताकडे बघा, मग करवत सुरू करा.'

साइट बारा वाजता सुरू व्हायची होती आणि सुतार अकराला येणार होते. अकराला पाच कमी होते.

सॉफ्टवेअर सकाळी आपणहूनच अपडेट होऊन बसलं होतं. ना कोणी मागितलं होतं, ना त्याने कोणाला विचारलं होतं. कापायचं बटण डावीकडून उजवीकडे गेलं होतं, रंगांची पेटी कुठल्याशा मेनूच्या पोटात जाऊन दडली होती, आणि दर दोन मिनिटांनी कोपऱ्यात एक फुगा उगवत होता: 'नवीन काय आहे ते पाहायचं?' तेवढंही वहिनीने सोसलं असतं. पण फोटो मोबाइलच्या मापाला लहान केला, की सॉफ्टवेअर त्यात पदरची दोन बोटं घालायचं आणि वर कळवायचं, 'चित्रातली उणीव दुरुस्त केली.'

"पण वहिनी, सफाई बघ ना कसली आहे," नणंद उठून जवळ आली. "नखंसुद्धा दिलीत. सावलीही बरोबर पडलीय. हाताने करायचं तर तुझा अख्खा दिवस गेला असता."

"मला ते करायचंच नाहीये!"

"मग सेटिंगमध्ये जाऊन बंद कर."

"तीनदा केलं. विचारतं, 'खात्री आहे?' हो म्हटलं की गप्प बसतं, आणि मग करायचं तेच करतं. थेट तुझा भाऊ."

नणंद खो खो हसली. वहिनीला हसू आलं नाही. काम झालंय, असं ती चार दिवसांपूर्वीच सुतारांना सांगून बसली होती.

तेवढ्यात दार वाजलं. सुतार आणि त्यांची बायको, दोघंही आले होते. सुतारांनी चष्मा नाकावर चढवला आणि ते पडद्यापाशी वाकले.

"काका, हे मी नाही केलं," वहिनीचे कान तापले होते. "सकाळपासून डोकं फोडतेय याच्याशी. ते आपोआप होतंय."

"करवतही आपोआपच चालते," सुतार म्हणाले. "म्हणून तर माणसाचं लक्ष उडतं." त्यांनी फोटोखालच्या ओळीवर बोट ठेवलं. "या हाताकडे बघा म्हणायचं, आणि हात कसा? धडधाकट. शिकायला येणारे म्हणतील, काकांना काही झालं नाही, मग आम्हाला काय होतंय?"

वहिनीने कपाट उघडलं, वरच्या कप्प्यातली वायरींचा गुंता बाजूला सारला आणि जुना लॅपटॉप ओढून काढला. त्याची बिजागरी तुटलेली होती. पडदा भिंतीला टेकवला तरच उभा राहायचा. गेली कित्येक वर्षं तो इंटरनेटला जोडलेला नव्हता, त्यामुळे त्याच्यापर्यंत कुठलीच सुधारणा पोचली नव्हती.

तो सुरू व्हायला सात मिनिटं लागली. मग वहिनीने पेन ड्राइव्ह लावला, मूळ फोटो उघडला, मापाला लहान केला, श्वास रोखून सेव्ह केला आणि पुन्हा उघडून पाहिला.

तीन बोटं.

"घे, घे, पटकन घे," तिने पेन ड्राइव्ह नणंदेच्या हातात कोंबला. "आणि तुझ्या त्या शहाण्यात उघडू नकोस. तसाच चढव."

बाराला दहा मिनिटं असताना साइट सुरू झाली. सुतारांनी खिशातून मोबाइल काढून पान उघडलं, लांब धरून पाहिलं, जवळ आणून पाहिलं. "हं. हा माझा हात," ते म्हणाले. वहिनी खुर्चीत धपकन बसली आणि सकाळचा गारढोण चहा एका घोटात प्यायली.

सुतारांची बायको मात्र अजून मोठ्या पडद्यासमोरच होत्या. तिथे तो पाच बोटांचा हात तसाच उघडा राहिला होता.

"राहिलंच ते. थांबा, पुसून टाकते," वहिनी लगबगीने उठली.

"ही अशी नव्हती," त्या म्हणाल्या.

"काय?"

"करंगळी. या यंत्राने किती सरळ काढलीय." त्यांनी बोट पडद्याजवळ नेलं, पण टेकवलं नाही. "यांची वरच्या पेरापाशी आत वळलेली होती. इथून अशी. हात हातात घेतला की लागायची." त्या मागे वळल्या. "अहो, हो ना?"

सुतारांनी मोबाइल खाली ठेवला. डावा हात उजेडात धरला आणि तो उलटासुलटा करून पाहिला.

"वळलेली होती?" त्यांनी विचारलं.