सारवणाच्या कोपऱ्यात

"अगं, दारापासून सुरुवात केलीस? आता बाहेर कशी येणार?" व्हिडिओ कॉलवर आईने कपाळाला हात लावला.

केतकीने मान वर केली. खरंच की! वर्गाची अख्खी फरशी ओल्या मातीने सारवून झाली होती आणि ती स्वतः पार खिडकीच्या कोपऱ्यात अडकली होती. समोर थेट दारापर्यंत बोटांची अर्धवर्तुळं, अगदी आईच्या अंगणासारखी. एक पाऊल टाकलं की सगळं मोडणार.

"आणि शेणाशिवाय कसलं गं सारवण? भेगा पडतील!"

"आई, जर्मनीत शेण कुठून आणू?"

वर्षभर तिने इथल्या कलाशाळेत सफाईदार चित्रं काढली होती, आणि बाई दर वेळी एकच विचारायच्या, "छान. पण यात तू कुठे आहेस?" आज पहिल्या वर्षाची शेवटची परीक्षा. नापास झाली, तर थेट परतीचं विमान. म्हणून सकाळी तिने ब्रश ठेवून दिले आणि बाह्या सरसावल्या.

दार उघडलं. बाई उंबऱ्यावरच थबकल्या. त्यांची नजर एकेका वळणावरून सरकत कोपऱ्यातल्या, कोपरापर्यंत माखलेल्या मुलीपाशी पोचली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"सापडलीस एकदाची! पास! पण हलू नकोस, सगळ्यांना बोलावते."

बाईंचं जर्मन आईला काहीच कळलं नाही. "काय गं, रागावल्या का?"

"पास झाले, आई! पण वाळेपर्यंत इथंच उभं राहायचंय!" केतकीला हसू आवरेना.

आईने पदर डोळ्यांना लावला. "बरं. पुढच्या वर्षी तरी कोपऱ्यापासून सुरू कर."