मनगटापुढचं धुकं

अण्णांनी तांब्याच्या घागरीवर हातोडी उचलली आणि नेहमीप्रमाणे त्यांच्या मुलीला, वैजूला, त्यांचे हात दिसेनासे झाले. घागर दिसत होती, ऐरण दिसत होती. मनगटापुढे नुसतं धुकं. ठोक्याची ती पद्धत अण्णांनी तरुणपणी एका कंपनीला विकली होती. कंपनी केव्हाच बुडाली, पण हक्क उरला. विकलेली कला कुणी बघून उचलू नये म्हणून प्रत्येकाच्या डोळ्यांत सरकारी लेन्स होत्या; ती कला ज्या हातांत चाले, ते हात त्या झाकत.

"तुम्ही कसे शिकलात, अण्णा?"

"शेजारच्या बाळकोबांसमोर बसून, बघत बघत. आळीत सगळेच एकमेकांचं उचलायचे." अण्णांना धाप लागली. यापुढे त्यांच्याने घागर होणार नव्हती. "दिसत नाही ना? मग ऐक."

वैजूने डोळे मिटून त्यांचे ठोके ऐकले, मग डोळे न उघडताच हातोडी घेतली. घागर बद्द वाजली. अण्णा "नाही, नाही" म्हणत राहिले. दुपार कलली तेव्हा आवाज खणखणीत निघू लागला.

"जमलं," अण्णा म्हणाले.

"कशावरून?"

"डोळे उघड, पण हात थांबवू नकोस."

घागर दिसत होती, ऐरण दिसत होती. तिच्या मनगटांपुढे नुसतं धुकं होतं.